पेनिसिलीन आणि पाण्याचा एक रेणू

बेळगुंदीपासून निपाणीपर्यंतच्या आपल्या या सीमाभागात पेनिसिलीनचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. विळा लागून हातात पू झाला, बाळंतिणीला ताप भरला, मुलाचा घसा सुजला, म्हणजे डॉक्टर 'पेन्सिलीनची सुई' देत आणि दोन दिवसांत माणूस उठून बसे, असे सांगणारी वृद्ध मंडळी अजूनही भेटतात. त्या पिढीला जे औषध रामबाण वाटे, ते आज पुष्कळ रोगजंतूंवर पाण्याइतकेही काम करीत नाही. असे का व्हावे? 'जंतूंना औषधाची सवय झाली' असे आपण सहज बोलून जातो. परंतु सवय होणे हा माणसाचा किंवा जनावराचा गुण आहे. जंतूला मन नाही, मेंदू नाही. त्याला सवय ती कसली होणार? जे घडते ते एका लहानशा प्रथिनाच्या खोबणीत घडते, आणि ती खोबण आता शास्त्रज्ञांनी अणू-अणूनिशी पाहिलेली आहे. ती कशी पाहिली व तीत काय आढळले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम जंतूचे घर पाहिले पाहिजे. जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्याच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, आणि त्या दाबाने तो फुटून जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती एक भिंत असते. ही भिंत विटांची नसून विणलेली आहे. शहापूर-वडगावच्या मागावर ज्यांनी लुगडे विणले जाताना पाहिले असेल त्यांना ही रचना चटकन कळेल. साखरेसारख्या पदार्थाचे लांब धागे हा तिचा ताणा, आणि अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या हा तिचा बाणा. या आखूड साखळीच्या टोकाला अ‍ॅलनीन नावाच्या अमिनो आम्लाची जोडी असते. भिंत विणणारे एक प्रथिन ती जोडी हाती धरते, शेवटचे अ‍ॅलनीन सोडून देते, आणि मोकळ्या झालेल्या टोकाला शेजारच्या साखळीशी गाठ मारते. गाठ बसली की विणकराचा हात मोकळा होतो व पुढच्या गाठीकडे वळतो. जंतू वाढत असतो तोपर्यंत हे काम अखंड चालते.

पेनिसिलीन या विणकराला फसवते. ते अ‍ॅलनीनच्या त्या जोडीसारखे दिसते, असा तर्क टिपर आणि स्ट्रॉमिंजर या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. विणकर त्याला खरा धागा समजून हाती धरतो. पेनिसिलीनच्या पोटात चार अणूंचे एक चौकोनी कडे आहे. चार अणूंना चौकोनात बसवणे म्हणजे बांबूची कामठी नको इतकी वाकवून बांधण्यासारखे आहे. कडे सुटावयास टपलेलेच असते. विणकराच्या हातात सेरीन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यातील ऑक्सिजनचा स्पर्श होताच ते कडे ताडकन उघडते आणि पेनिसिलीन त्या हाताला घट्ट चिकटून बसते. खऱ्या धाग्याच्या वेळी शेवटचे अ‍ॅलनीन निघून जाते व दुसऱ्या साखळीला जागा होते. येथे काहीच निघून जात नाही, कारण उघडलेल्या कड्याची दोन्ही टोके एकाच रेणूत अडकलेली राहतात. हात तासन् तास गुंतून पडतो. भिंतीला भोके राहतात, आतला दाब आपले काम करतो, आणि जंतू फुटतो.

हे चौकोनी कडे खरोखर तेथे आहे की नाही, यावर एके काळी मोठा वाद होता. महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतील नामांकित रसायनज्ञ पेनिसिलीनची घटना शोधीत होते, आणि इतके अस्थिर कडे निसर्गात असेल यावर त्यांच्यातील पुष्कळांचा विश्वास नव्हता. डोरोथी हॉजकिन या विदुषीने ऑक्सफर्ड येथे पेनिसिलीनच्या सोडियम, पोटॅशियम व रुबिडियम क्षारांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले आणि १९४५ साली ते कडे निर्विवाद दाखवून दिले. ही घटना खरी निघाली तर रसायनशास्त्र सोडून अळंबी पिकवीन, असे एक तरुण रसायनज्ञ म्हणाला होता, अशी आख्यायिका आहे. त्याने रसायनशास्त्र सोडले नाही, हे बरे झाले. जॉन कॉर्नफर्थ हे त्याचे नाव, आणि १९७५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हॉजकिनबाईंना ते १९६४ सालीच मिळाले होते.

आता याहून आश्चर्याची गोष्ट ऐका. ऑक्सफर्डमधील एका पोलीस शिपायाला पेनिसिलीन टोचले गेले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. परंतु पेनिसिलीनचा नाश करणारा एक पदार्थ जंतूंमध्ये असतो, हे अब्राहॅम व चेन या ऑक्सफर्डच्याच दोघा शास्त्रज्ञांनी डिसेंबर १९४० मध्ये छापून प्रसिद्ध केले होते. म्हणजे औषध बाजारात येण्याच्या आधी, त्या शिपायाला टोचण्याच्याही आधी, त्याचा शत्रू सापडलेला होता! मग सवय झाली म्हणावयाचे तर कोणाला आणि केव्हा? बुरशी आणि जंतू यांची ही झुंज मातीत माणसाच्या कितीतरी आधीपासून चाललेली आहे. त्या झुंजीतील एक शस्त्र आपण उचलले, इतकेच. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथून पेनिसिलीन बाहेर पडू लागले. त्यामुळे हे औषध आपल्या खेड्यापाड्यांत पोचले. पण कारखान्याची पायाभरणी होत होती तेव्हाच युरोप-अमेरिकेतील इस्पितळांत पेनिसिलीनला दाद न देणारे पूजनक जंतू डॉक्टरांना छळू लागले होते.

अब्राहॅम आणि चेन यांना सापडलेला तो पदार्थ म्हणजे एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. त्याला पुढे बीटा-लॅक्टमेज हे नाव पडले. ते पेनिसिलीनचे चौकोनी कडे फोडते, एवढे रसायनशास्त्राने सांगितले. कसे फोडते, हे मात्र पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. आणि पाहावयाचे कसे? सूक्ष्मदर्शकातून प्रथिनाचा रेणू दिसत नाही, कारण प्रकाशाची लहर त्याच्या मानाने फार लांब. क्ष-किरणांची लहर पुरेशी आखूड असते, पण एका रेणूवरून परतणारे किरण इतके क्षीण की त्यांची नोंदच होत नाही. म्हणून तेच तेच रेणू कोट्यवधींच्या संख्येने शिस्तीत उभे करावे लागतात, आणि अशा शिस्तीत उभ्या राहिलेल्या रेणूंचे नाव स्फटिक. खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडून ठेवतात व साखर हळूहळू त्यावर जमते; प्रथिनाचा स्फटिक त्याच न्यायाने होतो, फक्त पाकाची कढई नसून डोळ्यातल्या आसवापेक्षाही लहान असा एक थेंब असतो, आणि तो कधी जमेल, जमेल की नाही, याचा काही नेम नसतो. कित्येक संशोधकांची उमेदीची वर्षे त्या थेंबाकडे पाहण्यात गेली आहेत. स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडावयाचे, पलीकडे उमटणारे ठिपके मोजावयाचे, आणि गणिताने मागे जात जात कोणता अणू कोठे आहे हे ठरवावयाचे. अंतराचे माप आँगस्ट्रम. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातील एक भाग.

१९८६ साली अमेरिका व बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी दोन प्रथिनांचे सांगाडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एक भिंत विणणाऱ्या कुळातले, म्हणजे पेनिसिलीन ज्याला मारावयास जाते ते. दुसरे पेनिसिलीनचा नाश करणारे बीटा-लॅक्टमेज. दोन्हींची घडण एकच निघाली! तीच वळणे, त्याच घड्या, आणि सेरीनही त्याच जागी. पुढच्या वर्षी हर्झबर्ग आणि मोल्ट यांनी पूजनक जंतूतील बीटा-लॅक्टमेजची घटना २.५ आँगस्ट्रमपर्यंत स्पष्ट केली, तेव्हा हे नाते पक्के झाले. पेनिसिलीनचा बळी आणि पेनिसिलीनचा वैरी हे एकाच घरातले भाऊबंद आहेत. जंतूने नवे शस्त्र कोठून आणले नाही. विणकराच्या वंशातच फार पूर्वी एक असा निपजला की ज्याला विणता येत नाही, पण चिकटलेले पेनिसिलीन झटकून टाकता येते.

आणि झटकतो कसा? येथे खरी मौज आहे. बीटा-लॅक्टमेजही पेनिसिलीनला सेरीननेच धरते, कडे उघडते, आणि क्षणभर स्वतः त्याला चिकटते. येथपर्यंत दोघा भावांची गोष्ट शब्दशः एक आहे. हा क्षण इतका अल्प की एक एन्झाइम एका सेकंदात पेनिसिलीनचे हजाराच्या आसपास रेणू निकालात काढते. त्याचे चित्र कसे टिपावयाचे? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात नटाली स्ट्रिनाडका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक युक्ती केली. एन्झाइमच्या साखळीत १६६ व्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. ते काढून त्याच्या जागी त्यांनी अ‍ॅस्परजीन बसवले. काम तेथेच थबकले! पेनिसिलीन ७० व्या जागेवरील सेरीनला चिकटलेले राहिले, आणि ती अर्धवट अवस्था १.७ आँगस्ट्रमच्या स्पष्टतेने स्फटिकात दिसली. त्या एका बदलाने काम का थांबावे? कारण १६६ व्या जागेवरील ते ग्लुटामिक आम्ल एका पाण्याच्या रेणूला नेमक्या ठिकाणी उभे करते व त्याला धार देते. हा पाण्याचा रेणू सेरीन आणि पेनिसिलीन यांच्यामधील गाठीवर घाव घालतो, मोडके पेनिसिलीन गळून पडते, आणि हात पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो.

विणकर प्रथिनाजवळ हा पाण्याचा रेणू अशा जागी नसतो. तेथे चिकटलेले पेनिसिलीनच वाट अडवून बसलेले असते. जंतू मरतो की जगतो, रोगी वाचतो की नाही, हे पुष्कळदा या एका पाण्याच्या रेणूच्या जागेवर ठरते. मला स्वतःला अर्वाचीन विज्ञानातील याहून विलक्षण अशी गोष्ट फारशी ठाऊक नाही.

एकदा हे कळले म्हणजे औषधे करणाऱ्यांचे डावपेचही कळू लागतात. क्लाव्हुलॅनिक आम्ल हा एका जिवाणूपासूनच मिळणारा पदार्थ. तो स्वतः जंतूंना विशेष मारीत नाही, पण बीटा-लॅक्टमेजच्या सेरीनला चिकटून त्याचा हात गुंतवून ठेवतो, आणि तेवढ्यात सोबतचे अ‍ॅमॉक्सिसिलीन आपले काम उरकते. ही जोडगोळी १९८१ पासून वापरात आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती घेतलीही असेल. इमिपेनेम, मेरोपेनेम ही कार्बापेनेम कुळातील औषधे आणखी धोरणी. त्यांच्या कड्याला एक लहानशी फांदी अशा बेताने जोडलेली असते की ती नेमकी त्या पाण्याच्या रेणूच्या वाटेत येते. घाव बसत नाही, आणि बहुतेक जातींच्या बीटा-लॅक्टमेजचा हात अडकून राहतो. म्हणूनच ही औषधे डॉक्टर शेवटची म्हणून राखून ठेवीत.

राखून ठेवीत, असे म्हणालो. कारण पुढे काय झाले ते आपल्या मुंबईतच पाहावयास मिळाले. हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्याच्या कुळातील २४ जंतू तपासले, आणि त्यांपैकी २२ जंतूंत एकच एन्झाइम आढळले. हा वृत्तांत मार्च २०१० मध्ये भारतीय वैद्यांच्या मासिकात छापून आला. हे एन्झाइम त्याच्या आदल्या वर्षीच प्रथम नोंदले गेले होते. दिल्लीच्या इस्पितळात राहून स्वीडनला परतलेल्या एका रोग्याच्या जंतूत ते सापडले, म्हणून त्याला न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम, असे नाव दिले गेले. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये विलायतेतील एका नियतकालिकात याविषयी लेख येताच आपल्याकडे एकच गदारोळ उठला. संसदेत प्रश्न झाले, हे आपल्या देशाच्या बदनामीचे कारस्थान आहे असेही म्हटले गेले. राजधानीचे नाव रोगजंतूच्या प्रथिनाला चिकटवावयास नको होते, हे मला मान्य आहे. पण नावावर जितकी शाई सांडली तितकी त्या २२ जंतूंवर सांडली नाही, आणि मुंबईचा वृत्तांत तर पाच महिने आधीच, आपल्याच देशात, आपल्याच डॉक्टरांनी लिहिलेला होता.

हे नवे एन्झाइम विणकराच्या वंशातले नाही. याची घटना २०११ साली जगातील अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी उलगडली. हाँगकाँग विद्यापीठातील झांग आणि हाओ यांच्या स्फटिकात तर अ‍ॅम्पिसिलीनचे कडे फुटलेले तुकडे अजून खोबणीत बसलेले दिसले. चोर मुद्देमालासह सापडावा तसे. त्या खोबणीत सेरीनचा हात नाहीच. तेथे जस्ताचे दोन अणू आहेत. त्यांपैकी एकाला तीन हिस्टिडीन धरून असतात, दुसऱ्याला एक हिस्टिडीन, एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल व एक सिस्टीन. आणि या दोन जस्तांच्या मध्ये काय आहे? पुन्हा पाणीच! दोन्ही जस्तांच्या कचाट्यात सापडलेला पाण्याचा रेणू आपला एक हायड्रोजन गमावून बसतो आणि अत्यंत तिखट होतो. पेनिसिलीन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम यांपैकी कोणीही आत आले की हा सरळ त्याच्या चौकोनी कड्यावर तुटून पडतो. मध्ये चिकटण्याची पायरीच नाही. म्हणून क्लाव्हुलॅनिक आम्लाचा डाव येथे फुकट जातो. चिकटावयास सेरीनच नाही तर ते चिकटणार कशाला? कार्बापेनेमची ती फांदीही निरुपयोगी, कारण ती ज्या पाण्याची वाट अडवी ते पाणी निराळ्या जागचे होते. शिवाय एनडीएमची खोबण रुंद आणि उथळ आहे. लहानमोठा, निरनिराळ्या बांध्याचा कोणताही पाहुणा तीत मावतो.

तुम्ही म्हणाल, जस्तावरच सारी मदार असेल तर जस्त काढून घ्यावे. प्रयोगशाळेत हे सहज साधते. इडीटीए नावाचा धातू धरणारा क्षार घातला की एनडीएम निकामी होते, आणि रोगजंतूत हे एन्झाइम आहे की नाही याची चाचणीही त्याच्याच साह्याने करतात. पण रोग्याच्या रक्तात इडीटीए सोडले तर ते कॅल्शियमही धरील, आणि औषधापरी रोग बरा म्हणण्याची पाळी येईल. आपले शरीर मात्र हाच उपाय आपल्या परीने करीतच असते. संसर्ग झालेल्या जागी काही प्रथिने जस्त शोषून ठेवतात व जंतूंची उपासमार करतात. यावरही जंतूंकडून उत्तर आले आहे. एनडीएमचे मूळ रूप आणि नंतर आढळलेली त्याची रूपे यांची तुलना करता १५४ व्या जागेवरील मेथिओनीनऐवजी ल्युसीन आलेले पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि या बदललेल्या रूपाची जस्तावरील पकड अधिक घट्ट असते. जस्ताचा दुष्काळ असला तरी ते काम करीत राहते. आपल्याकडे फार आढळणाऱ्या एनडीएम-५ मध्ये हा बदल आहे. कोणी योजून केलेला नव्हे. ज्या जंतूंत तो अपघाताने घडला ते तगले, बाकीचे गेले.

या जंतूंपुढे डॉक्टरांच्या हाती उरते ते कोलिस्टिनसारखे जुने औषध. मूत्रपिंडाला ते घातक म्हणून एके काळी बाजूला ठेवलेले होते. कोंबड्या व जनावरे लवकर वाढावीत म्हणून त्यांच्या खाद्यात ते सर्रास घातले जाई. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर भारत सरकारने २०१९ साली बंद केला. आपल्या गावांत म्हशीला दगडी झाली म्हणजे सडात औषधाची नळी सोडतात, तीतही पुष्कळदा पेनिसिलीनच्याच कुळातील औषध असते. जंतूंना गोठा आणि इस्पितळ हा भेद कळत नाही, आणि एनडीएमचे जनुक ज्या सुट्या वर्तुळाकार तुकड्यावर असते तो एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे हातोहात जातो.

तथापि खोबण दिसल्याचा लाभही झाला आहे. अ‍ॅझ्ट्रिओनाम या औषधात चौकोनी कडे एकटेच असते, त्याला जोडकडे नाही. एनडीएमच्या खोबणीत ते नीट बसत नाही, म्हणून फुटत नाही. अडचण एवढीच की एनडीएम बाळगणाऱ्या जंतूपाशी बहुधा जुन्या वंशातील सेरीनवालेही असतात, आणि ते त्याला फोडतात. त्या सेरीनवाल्यांसाठी अ‍ॅव्हिबॅक्टम आहे. ते सेरीनला चिकटते, पण पुष्कळदा मोडून न जाता आपले कडे पुन्हा मिटवून जसेच्या तसे बाहेर पडते आणि दुसऱ्या एन्झाइमला जाऊन धरते. एकच पहारेकरी अनेक दारे राखतो म्हणा ना. या जोडीला युरोपात २०२४ साली व अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली.

दुसरा एक प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातला आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील वोखार्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम हे द्रव्य तयार झाले. अ‍ॅव्हिबॅक्टमच्याच कुळातले असले तरी त्याचा रोख निराळा आहे. एनडीएमशी झुंजत बसण्याऐवजी ते थेट विणकराकडे जाते. जंतूच्या भिंतीवर एकच विणकर नसतो. लांबीचे काम एकाकडे, दुभागताना मधला पडदा घालण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी वाटणी असते. सोबतचे सेफेपीम हे औषध पडदा घालणाऱ्याचा हात गुंतवते. एनडीएम त्यातील पुष्कळसे फोडून टाकते, पण झिडेबॅक्टम लांबी सांभाळणाऱ्या विणकराला धरून बसते आणि त्याला एनडीएमचे पाणी लागत नाही. मग सेफेपीमचे जे थोडे रेणू वाचतात तेवढेही पुरे होतात. माणसांवरील शेवटच्या टप्प्याच्या चाचण्याही या जोडीच्या झाल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा परिणाम उघड्या डोळ्यांना समजेल असा दिसतो: दंडुक्यासारखा लांबट जंतू लांबी हरवून बसतो, गोल होत जातो, फुगतो, आणि भिंत जेथे विणावयाची राहिली तेथून फुटतो.